भरतीचा दोर

लग्नानंतर मी सासऱ्यांच्या घरी राहायला गेलो, तेव्हा त्यांनी पहिल्याच दिवशी मला विचारलं, "पाव्हणा, कवय जाशी?" म्हणजे, पाहुणे, परत कधी जाणार? मी हसलो. मला ती थट्टा वाटली. पुढं त्या घरात जितकी वर्षं काढली तितकी वर्षं हा प्रश्न दर सणाला, चार माणसं बसलेली असताना, त्याच आवाजात मला विचारला गेला. हसणं मी फार लवकर सोडलं.

माझं गाव शहाद्याकडचं, तापीकाठचं. आईवडील पटकीच्या साथीत एकाच आठवड्यात गेले. काकांनी वाढवलं, सातवी पास करवलं आणि मग मी आपली वाट धरली. खांडबाऱ्याला एका मारवाडी शेठच्या धान्याच्या दुकानात गुमास्ता म्हणून लागलो. तिथंच कुणीतरी स्थळ सुचवलं. मुलगी नवापूरची, एकुलती एक. वडील जंगल खात्यातले रेंजर, आता पेन्शनीत. आई वारलेली. वडिलांची डावी बाजू अर्धांगवायूनं गेलेली, म्हणून घरात पुरुष माणूस हवं होतं. मी घरजावई झालो. रोज सकाळच्या गाडीनं खांडबाऱ्याला जायचं आणि संध्याकाळच्या गाडीनं परत यायचं.

"आईबाप नसलेला मुद्दाम शोधला," सासरे एकदा जेवताना म्हणाले. "मागं ओढणारं कुणी नको होतं."

मी त्यांना मामा म्हणत असे. आमच्याकडे सासऱ्याला तसंच म्हणतात. मामांना दोन भाषा होत्या. मन प्रसन्न असलं की ते आमच्यासारखी अहिराणी बोलत आणि मला 'तू' म्हणत. मनात विष आलं की कचेरीतली शुद्ध मराठी सुरू होई, आणि मी 'आपण' होई. त्यामुळं त्यांनी मला 'आपण' म्हटलं की माझ्या पाठीत कळ येई.

भिंतीवर त्यांची गळाची काठी टांगलेली होती. तासलेल्या बांबूच्या पट्ट्या जोडून केलेली, विलायती. शेजारी खुंटीवर कापडी पिशवीत एक रीळ होतं. बदली होऊन जाणाऱ्या कुणा साहेबानं ते त्यांना दिलेलं. पितळी, बाजूला दोन बोटांनी फिरवायची मूठ, आणि आत दोर गुंडाळायची फिरकी. ती इतकी हलकी चाले की फुंकर मारली तरी फिरे. काठी झटकून आमिष दूर फेकायचं, फिरकी सुटते आणि दोर मागोमाग धावतो. त्या वेळी अंगठा फिरकीवर हलका टेकवून ठेवायचा. अंगठा चुकला तर फिरकी दोरापेक्षा पुढं धावते आणि क्षणात घरट्यासारखा गुंता होतो. झटका येण्याआधी मामा या रिळानं रंगावलीच्या डोहांत महाशीर मासे काढत. गावात त्यांचं त्याबद्दल नाव होतं. एक मासा मात्र त्यांच्या हातून सुटला होता. त्याविषयी ते कधी बोलत नसत, आणि म्हणून तो सगळ्यांना ठाऊक होता.

एका रविवारी त्यांनी मला काठी खाली काढायला लावली.

"आतेपासून गळ तू टाकशी," ते म्हणाले.

मी म्हटलं, "मामा, मला येत नाही."

"हात शेत ना? माले एकच शे."

रिळावरचा जुना रेशमी दोर काळाभोर आणि तकतकीत होता. मला तो उत्तम वाटला. मामांनी त्याचं टोक दातात धरलं आणि उजव्या हातानं हलकंच ओढलं. तो वाळल्या गवतासारखा तुटला.

"रेशीम आतून मरतं," ते म्हणाले. "ओलं ठेवलं, वाळवलं नाही, की संपलं. वरून कळत नाही." मी तो फेकायला निघालो, तर म्हणाले, "राहू दे. फेकायची घाई कशाला?"

मग नव्या दोराचा शोध सुरू झाला. पहिल्यांदा मी नंदुरबारच्या बाजारातून, मिरचीच्या वखारींच्या मागं दोरखंडवाले बसतात तिथून, पीळ घातलेला सुती दोर आणला. घट्ट होता, दोन्ही हातांनी ओढून तुटला नाही. मामांनी तो पाण्याच्या तांब्यात टाकला आणि मला समोर बसवून ठेवलं. थोड्या वेळानं काढला तर दोर फुगून दुप्पट झालेला. रिळावर चढवला तर निम्म्यातच फिरकी भरली.

"आपण धान्याच्या दुकानात कामाला आहात," ते म्हणाले. "पोती शिवायचा दोर आणलात. सवयीचा परिणाम."

दुसरा दोर जवसाच्या धाग्याचा होता, लिननचा. कुणाकडून तरी मुंबईहून मागवलेला. तो ओला झाला की उलट जास्त ताकदीचा होई, हे मामांनी स्वतःच सांगितलं. पण वाळला की तारेसारखा ताठ व्हायचा, रिळावरून सुटताना वेटोळी धरायचा. अंगणात मी त्यानं फेकायला शिकलो. आमिषाच्या जागी शिशाचा तुकडा बांधून, कुंपणाकडं. रोज गुंता. गुंता झाला की मामांचा नियम होता: ओट्यावर, रस्त्याकडं तोंड करून बसायचं आणि तो सुटेपर्यंत उठायचं नाही. स्टेशनकडं जाणारी माणसं थांबून बघत. एकदा जेवणवेळ टळून गेली तरी मी सोडवतच होतो.

"आबा, त्यासले जेवू द्या ना," माझी बायको दारातून म्हणाली.

"ज्याच्या हाताला दोर कळत नाही त्याला घास कसा कळणार?" मामा म्हणाले. "वडिलांनी आपल्या पाव्हण्यांना हात दिले नाहीत. दोन फावडी दिली."

शेठच्या कामानं मला सुरतेला जावं लागलं, तेव्हा मामांनी रेशमी दोर आणायला सांगितलं. या वेळी मात्र त्यांनी नीट शिकवलं. पीळ घातलेला घेऊ नको, विणलेला घे. पीळ ताणाखाली उकलतो आणि आमिष म्हणून टोकाला बांधलेला पितळी चमचा भोवऱ्यासारखा फिरतो. बोटाच्या पेराला वेढे घाल आणि नखानं दाब. चपटा झाला तर आत पोकळ, गोल राहिला तर भरीव. अंगठ्याखालून सरकवून बघ. गाठ लागली, केस लागला, तर सोड. जाड बघून भुलू नको. जाड दोर कमी मावतो, आणि मोठा मासा पळाला की लांबी वाचवते, जाडी नाही.

सुरतेच्या चौकात काडतुसं आणि गळ विकणारं एक दुकान होतं. मी तिथं इतका वेळ दोर बोटांवर गुंडाळत उभा राहिलो की दुकानदारानं मला शेवटी स्टूल दिलं. जाड, मध्यम, बारीक, सगळे पाहिले. मध्यमाहून थोडा बारीक असा राखी रंगाचा, घट्ट विणलेला दोर निवडला. परतीच्या गाडीत तो मी खिशातून सारखा काढून पाहत होतो. मनातून मला वाटत होतं की याला त्यांना नावं ठेवता येणार नाहीत.

मामांनी तो पाहिला, नख लावलं, नाकाजवळ नेला.  मग म्हणाले, "एक टोक घे. तळहाताला वेढे घाल. तीन-चार."

मी घातले. दुसरं टोक त्यांनी माझ्याकडूनच आपल्या पलंगाच्या खुराला बांधून घेतलं होतं. मधला दोर उजव्या मुठीत धरून त्यांनी एकदम सगळं अंग मागं टाकलं. वेढे माझ्या हातात रुतले. मी हात सैल सोडला, तर म्हणाले, "धरा. मासा काय आपली परवानगी मागणार आहे?" पुन्हा झटका. पुन्हा. दोर तुटला नाही. माझ्या तळहातावरून रक्त मनगटाकडं आलं तेव्हा ते थांबले आणि दोरावर ते कुठं लागलंय का हे त्यांनी पाहिलं.

"आते जमनं," ते समाधानानं म्हणाले. "दोर चांगला शे."

बायकोनं चुलीजवळ हळद लावून हात बांधला. बांधता बांधता ती म्हणाली, "मन्ही मायना हात तुम्हीन दखा नहीत." मग तिनं सांगितलं. तिच्या आईच्या दोन्ही तळव्यांवर पांढऱ्या रेघा होत्या, आडव्या. लहानपणी तिला वाटायचं की सगळ्या आयांच्या हातावर अशा असतात. मामा प्रत्येक नवा दोर तिच्या आईच्या हातावर पारखत. आईचे हात कणिक मळताना झोंबायचे, म्हणून ती मळायच्या आधी तेल लावायची. हे सांगताना बायको रडली नाही. गाठ बांधून झाल्यावर तिनं उरलेली चिंधी दातानं फाडली आणि उठली.

त्या दोराला मी जवसाचं तेल पाजलं, उन्हात ताणून सुकवला, मग मेण चोळलं. दर वेळी नदीवरून आल्यावर रिळावरून सगळा उतरवून अंगणातल्या दोन शेवग्यांमध्ये पसरायचा, हा मामांचा हुकूम मी न विसरता पाळत होतो. आणि मग, हे सांगायला हवं, मला ते आवडायला लागलं. सुटीच्या सकाळी रंगावलीवर जायचं. पितळी चमचा लांब फेकायचा. अंगठ्याखालून दोर पळायचा तेव्हा तो जिवंत वाटायचा. गुंता होणं बंद झालं. लहान मासे लागू लागले, मग मध्यम. मी घरी येऊन ताटात मासा ठेवला की मामा तो उलटापालटा करून बघत आणि विचारत, "झटका कसा होता? खाली ओढी ऱ्हायना का बाजूले?" मी सांगे. सांगताना कधी कधी मी हसत असे. ते माझ्या तोंडाकडं बघत राहत. तेव्हा मला वाटायचं, त्यांना आनंद होतोय.

आमचे शेठ जैन. दुकानात मुंगीवर पाय पडू नये म्हणून ते बाहेर झाडाखाली मुंग्यांना पीठ टाकत. मी घरी काय खातो हे त्यांनी कधी विचारलं नव्हतं आणि मीही सकाळी अंघोळ केल्याशिवाय दुकानात पाय ठेवत नव्हतो. एका बाजाराच्या दिवशी, दुकान गिऱ्हाइकांनी भरलेलं असताना, दारात बैलगाडी थांबली. घरच्या गड्यानं मामांना उचलून खाली घेतलं. ते नवापूरहून गाडीनं आले होते. स्टेशनवरून बैलगाडी केली होती. गड्याच्या खांद्यावर माझी काठी होती. मामा गड्याच्या आधारानं आत आले आणि शेठच्या पांढऱ्या गादीवर त्यांनी पळसाच्या पानात गुंडाळलेलं काहीतरी ठेवलं. पान उघडलं. आदल्या दिवशी मी काढलेला मासा होता. डोळे पांढरे पडलेले.

"पाव्हणे, हा घरी विसरलात," मामा शुद्ध मराठीत म्हणाले. "डब्यात घालायचा राहून गेला."

 गिऱ्हाईकं मागं सरकली. शेठ उठले. स्वतःच्या हातानं गादीची चादर चारी कोपऱ्यांनी उचलली, मासा तिच्यात तसाच ठेवून बाहेर नेऊन झाडाखाली ठेवला, आणि हात धुऊन आले. मग मला मागच्या खोलीत बोलावलं.

"भाई, तुमचं काम चांगलं होतं," ते म्हणाले. "तुम्ही घरी काय करता, मी विचारलं नाही. न विचारलेलं मला चालत होतं. आता सगळ्या बाजारानं बघितलं. आता मला चालणार नाही."

परतीच्या गाडीत मामा माझ्या शेजारी बसून झोपले. त्यांचं डोकं माझ्या खांद्यावर येत होतं. चिंचपाड्याच्या आसपास ते जागे झाले. मी विचारलं, "मामा, का केलंत?"

"एका माणसाले दोन धनी काय कामना?" ते म्हणाले आणि पुन्हा डोळे मिटले.

मग माझे दिवस सगळे त्यांचे झाले. सकाळ-संध्याकाळ नदी. दसऱ्यानंतर पाणी निवळलं. गावाच्या वरच्या अंगाला, डोंगराजवळ, एक खोल डोह होता. काठावर उंबरांची मुळं पाण्यात उतरलेली. त्या डोहात मी एका संध्याकाळी तो मासा पाहिला. आधी मला ते पाण्याखालचं लाकूड वाटलं. मग लाकूड वळलं. खवले हाताच्या पंज्याएवढे. मी घरी येऊन सांगितलं, तेव्हा मामांच्या हातातला घास तसाच राहिला.

"उजव्या कल्ल्यामागं पांढरा डाग शे का?" त्यांनी विचारलं.

"आहे," मी म्हणालो.

त्या रात्री ते जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी मात्र एकदम बदलले. गोड बोलू लागले. रविवारी सगळ्यांनी डोहावर जायचं ठरवलं. त्यांच्या जागी आलेल्या नव्या रेंजरला बोलावणं धाडलं, गावातल्या दोन-चार प्रतिष्ठितांना सांगितलं. मी शनिवारी त्यांचं काही सामान आणायला नंदुरबारला गेलो होतो. त्यांनीच पाठवलं होतं. परत आलो तर रीळ भरून, पुसून, पिशवीत ठेवलेलं.

"दोर पूर्ण उतरवून पुन्हा भरला," मामा म्हणाले. "ढिला बसला होता. पोरीनं भरला. तिचा हात तुझ्यापेक्षा सरळ आहे."

मी बायकोकडं पाहिलं. ती हसली. बऱ्याच दिवसांनी घरात कुणी हसलं होतं.

रविवारी सकाळी मामांना खुर्चीसकट बैलगाडीतून डोहावर नेलं. खुर्ची काठावरच्या खडकावर ठेवली. रेंजर आणि मंडळी शेजारी सतरंजीवर बसली. पलीकडच्या तीरावर डोंगरातली काही माणसं गुरं पाण्यावर घेऊन आली होती, तीही बघत थांबली. मामांनी सगळ्यांसमोर माझ्याकडं उजवा हात केला आणि म्हणाले, "हे आमचे जावई. आज मासा हे काढणार."

जावई. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.  मी पाण्याकडं तोंड फिरवलं.

पहिल्या काही फेकी कोऱ्या गेल्या. मग उंबराच्या सावलीच्या कडेला चमचा पडला, बुडाला, आणि कुणीतरी दार लावावं तसा झटका बसला. काठी वाकली. फिरकी किंचाळली. अंगठा टेकवला तर कातडी जळाली, उचलला नाही. मासा सरळ डोहाच्या खालच्या तोंडाकडं निघाला. सुरतेचा दोर पाण्याला चिरत जात होता आणि मला ठाऊक होतं की हा दोर तुटत नाही. माझ्या हातावर तो पारखलेला होता. मंडळी उभी राहिली होती. रेंजर ओरडत होता, जाऊ द्या, दमू द्या. मी जाऊ दिला. लांबी वाचवते, मामा म्हणाले होते.

मग राखी दोर संपला आणि त्याच्या खालून काळा दोर यायला लागला.

मी तो पाहिला. पाहिला त्याच क्षणी काठी सरळ झाली. काही आवाज झाला नाही. फिरकी दोन-तीन वेढे रिकामी फिरून थांबली.

मी खाली बसलो आणि रिळावर उरलेलं हातात घेतलं. जुना, काळा, तकतकीत रेशमी दोर. बोटात धरला तर कुस्करला गेला. वर माझा नवा दोर होता, फेकण्यापुरता आणि लहान माशापुरता. खाली मेलेला दोर होता, मोठा मासा पळाला की लागणारा. मी मान वर केली. मामा खुर्चीत मागं रेलून बसले होते. चेहरा शांत होता. ताप उतरल्यावर माणसाचा होतो तसा.

"पाहिलंत?" ते मंडळींना म्हणाले. "मी म्हणत होतो ना, हाताला दोर कळायला लागतो. आमच्या पाव्हण्यांना तो कळला नाही."

मंडळी हसली. सगळी नाही, पण हसली.

घरी आल्यावर मी बायकोसमोर रीळ ठेवलं. तिनं तो काळा तुकडा पाहिला. तिनं भिंत धरली. शनिवारी मामांनी तिला बसवून सांगितलं होतं: आधी भरतीला जुना घाल, म्हणजे फिरकी भरलेली राहते, दोर नीट सुटतो. मग गाठ मार आणि वर नवा गुंडाळ. नव्यातला निम्मा कापून बाजूला ठेव, पुढच्या वेळी उपयोगी पडेल. एका हातानं त्यांना गाठ मारता येत नव्हती. गाठ तिनं मारली होती. आणि ती गाठ टिकली होती, जुना दोर तिच्याखाली तुटला होता.

ती मामांच्या खोलीत गेली. मी दारात उभा होतो.

"आबा," ती म्हणाली, "मन्हाच हात का वापरात?"

"तो मासा माझा आहे," मामा म्हणाले. कचेरीची भाषा होती. "याच्या हातून निघाला असता, तर मी कशासाठी जगायचं होतं? दुसऱ्या कुणाकडून गाठ मारून घेतली असती तर त्यानं गावभर सांगितलं असतं. तू सांगणार नाहीस."

 ती बाहेर आली आणि तिनं चूल पेटवली.

पुढच्या बाजाराला डोंगरातला एक शेतकरी पितळी चमचा घेऊन दारात आला. मासा सापडला होता. तोंडात चमचा, मागं दोराची लांब शेपटी, आणि ती उंबराच्या मुळांमध्ये अशी अडकलेली की त्याला ना पुढं जाता येत होतं ना वर. तिथंच तडफडून मेला होता. घारींनी आणि खेकड्यांनी निम्मा खाल्ला होता. मामांनी त्या माणसाला आत बोलावलं. "केवढा होता?" असं तीनतीनदा विचारलं. त्यानं हात पसरून दाखवले. मामांनी त्याला हात आणखी पसरायला लावले. त्या दिवशी ते पोटभर जेवले आणि दुपारी शांत झोपले.

मला नंदुरबारला एका मिरचीच्या व्यापाऱ्याकडं काम मिळालं. मी बायकोला म्हटलं, चल, खोली बघितली आहे. ती म्हणाली, "तुम्ही जा. मी आबाजवळ राहते." मला नवल वाटलं, आणि थोडा रागही आला. इतकं होऊनही बाप तो बाप, असं मी मनात म्हणालो. दर शनिवारी मी नवापूरला येऊ लागलो.

दोन-तीन शनिवार गेल्यावर माझ्या लक्षात आलं की ती त्यांच्याशी बोलत नाही. काम सगळं करी. वेळेवर भाकरी दुधात कुस्करून देई, अंग पुसे, धुतलेलं धोतर नेसवी, कुशीवर वळवी. कुठं हयगय नाही. पण ओठ मिटलेले. मामांनी हाक मारली की ती येऊन उभी राही आणि वाट बघे. काय हवं ते ओळखून देई. त्यांनी प्रश्न विचारला तर उत्तर नाही, होकाराची मानसुद्धा नाही. आधी ते चिडले. शिव्या दिल्या. ताट उडवलं. तिनं फरशी पुसली आणि दुसरं ताट आणलं. मग ते गप्प राहून बघू लागले, की ही आधी बोलते की आपण. त्या खेळात ते हरले. नंतर अहिराणीत गोड बोलू लागले, तिच्या लहानपणच्या गोष्टी सांगू लागले. ती त्यांची नखं कापत ऐकत असे.

एका शनिवारी त्यांनी माझं मनगट धरलं. "तिले सांग," ते म्हणाले. "एक शब्द. शिवी दी तरी चालई."

मी बायकोला सांगितलं. ती तांदूळ निवडत होती, निवडत राहिली.

गल्लीतल्या बाया तिचं कौतुक करत. म्हणत, मुलगी असावी तर अशी. नवरा परगावी ठेवून बापाची सेवा करते, तोंडातून कधी ब्र काढत नाही. पुढच्या थंडीत मामांना दुसरा झटका आला आणि त्यांची जीभ गेली. त्यानंतर ते बरेच दिवस जगले. डोळे मात्र चालू होते. ती खोलीत असेपर्यंत ते तिच्या तोंडाकडं बघत आणि ती त्यांच्या तोंडात चमच्यानं पेज घाली. शेवटच्या दिवशीही तसंच झालं. पेज गालावरून ओघळली, तिनं पुसली, आणि मग तिला कळलं की आता पुसायचं कारण उरलं नाही.

दिवसकार्य झाल्यावर आम्ही दोघं ओट्यावर बसलो होतो. मी विचारलं, "शेवटी तरी बोलायचंस. एखादा शब्द."

"बोलनी असती, ते त्यासले बरं वाटनं असतं," ती म्हणाली.

नंदुरबारला आल्यावर ती भरपूर बोलू लागली. शेजारणींशी, भाजीवालीशी, पुढं मुलांशी. माझ्याशीही ती कधी वाईट वागली नाही. आमचा संसार चांगला झाला असंच कुणीही म्हणेल. पण स्वयंपाक करता करता ती जरा जास्त वेळ गप्प राहिली, की मी हातातलं काम टाकून उठत असे आणि काहीतरी निमित्त काढून तिला बोलतं करत असे.